धायरीचा गंडभेरुंड

यज्ञेश्वर ताम्हनकर त्या सभेत उभे राहिले ते विरोध करायला. ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी, कारण पुढे जे झालं त्याबद्दल ‘ह्यांनीच हौसेनं अंगावर घेतलं’ असं त्यांच्या पत्नी हेमाताई येईल त्या पाहुण्याला सांगतात आणि ते सत्याला धरून नाही.

शिवसंपदा सोसायटी, धायरी, यांच्या कोजागिरीच्या सभेत मसाला दूध यायच्या आधी विषय क्रमांक सहा निघाला. परिसरातल्या सोसायट्यांची दिवाळी किल्ला स्पर्धा. गेली तीन वर्षं सोसायटीचा किल्ला पुष्कर करायचा. पुष्कर बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, हिंजवडीला जातो आणि उरलेल्या वेळात परत येतो. त्याच्या किल्ल्याला थर्माकोलचे बुरूज, रंग बदलणारे दिवे आणि दर दहा मिनिटांनी धूर सोडणारं यंत्र. गेल्या वर्षी त्या धुरात महाराज सिंहासनासकट दिसेनासे झाले आणि परीक्षक खोकत खोकत शेजारच्या सोसायटीत गेले, ते परत आले नाहीत.

यज्ञेश्वरांचा मुद्दा एवढाच होता की किल्ला मातीचा असतो. हा मुद्दा त्यांनी अकरा मिनिटांत मांडला. एका सहकारी बँकेच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस. तिथे रागावून आलेल्या खातेदाराला मुद्देसूद उत्तरं देऊन देऊन थकवायचं आणि घरी पाठवायचं, ही त्यांची खासियत. ते खाली बसले तेव्हा दूध गार झालं होतं आणि सेक्रेटरी महिपती वहीत लिहीत होता, ‘यंदाचा किल्ला श्री. ताम्हनकर यांनी करावा असे सर्वानुमते ठरले.’

शिवसंपदामध्ये कामं वाटायची हीच पद्धत आहे. विरोध करणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं. पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुण्याला ज्यांनी हरकत घेतली होती ते गृहस्थ सहा वर्षं टाकी धुऊन घेत आहेत. म्हणून तर आमच्या सभा शांततेत पार पडतात. यज्ञेश्वरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलायला उभं राहिलेल्या पुणेकराला ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत.

“अहो, गुडघ्यांचं काय?” हेमाताईंनी जिन्यातच विचारलं.

“किल्ला हातानं करतात.”

“आणि उठताना?”

यज्ञेश्वर कठडा धरून पुढची पायरी चढले. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात किल्ला उभा राहिला होता, आणि त्या किल्ल्याच्या महादरवाजावर एक पक्षी बसला होता. तरुणपणी कुठल्याशा गडावर दरवाजाच्या दगडात कोरलेला त्यांनी तो पाहिला होता. धड एक, माना दोन, चोचींत हत्ती आणि पंजांतही हत्ती. बरोबरचे सगळे पुढे जाऊन पिठलं-भाकरी खायला बसले होते आणि यज्ञेश्वर एकटेच त्याच्यासमोर तोंड वासून उभे होते. त्याचं नाव गंडभेरुंड. हे नाव त्यांनी त्या दिवशी एका गुराख्याकडून ऐकलं आणि तेव्हापासून त्यांना ते कुणाला तरी सांगायचं होतं. चाळीस वर्षांत कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या कोपऱ्यात लाल माती येऊन पडली, आणि मातीमागोमाग सल्ले आले. मला माणसांची मोजदाद ठेवायची खोड आहे, म्हणून आकडा सांगतो. पहिल्या आठवड्यात सल्ले एकेचाळीस आले आणि मदतीला हात आले चार. त्यांतले दोन हेमाताईंचे, दोन मैनुद्दीनभाईंचे.

मैनुद्दीनभाई तळमजल्यावर राहतात. भवानी पेठेत त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा अल्ताफ बघतो. भाई स्वतः दुपारी खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघतात. यज्ञेश्वरांनी मातीचा पहिला गंडभेरुंड केला तेव्हा ते असेच बघत होते. पहिल्याची डावी मान दुपारी गळाली, उजवी संध्याकाळी. दुसऱ्याच्या दोन्ही माना टिकल्या, पण पोट सुटलं.

“यज्ञेश्वरराव,” भाई म्हणाले, “आत हाडं नाहीत, मान राहणार कशी? थांबा, पत्रा आणतो.”

त्यांनी पत्र्याचा सांगाडा करून दिला. त्याच्यावर हेमाताईंनी शाडू चढवला, कारण यज्ञेश्वरांनी चढवलेला शाडू गणपतीच्या सोंडेसारखा दिसत होता. यज्ञेश्वर शेजारी पाटावर बसून नाव समजावून सांगत होते.

“भेरुंड म्हणजे भयंकर. उग्र. शिवाय एका पक्ष्याचंही नाव. आता गंड. गंड म्हणजे गाल. पण गंड म्हणजे हत्तीचं गंडस्थळही, जिथून मद गळतो. म्हणजे हत्तीच्या गंडस्थळावर झडप घालणारा भयंकर पक्षी, असं काही जण लावतात. काही जण म्हणतात—”

“दुसऱ्या डोक्याला डोळा कुठे काढू?” हेमाताई.

“पहिल्याला काढलास तिथेच. काही जण म्हणतात, दोन गाल म्हणून दोन तोंडं. मला ते पटत नाही.”

“आमच्या आजीच्या गोष्टीत रुख होता,” भाई पत्रा कापत म्हणाले. “खलाशांना भेटायचा. तोही पंजात हत्ती घेऊन उडायचा. हत्तीनं काय पाप केलंय कळत नाही, जगातला प्रत्येक मोठा पक्षी त्यालाच उचलतो.”

“त्याला कारण आहे—”

“आणि एक अन्का. त्याचं तर नुसतं नाव आहे, पक्षी कुणी पाहिलाच नाही. तुमचा नशीबवान म्हणायचा, त्याला निदान आमचा पत्रा मिळाला.”

यज्ञेश्वरांनी हे दोन्ही पक्षी वहीत टिपून घेतले. त्या वहीत तोवर बावीस पानं भरली होती. नरसिंहाचा राग शमेना म्हणून त्याला आवरायला शरभ आला आणि त्या शरभाला आवरायला गंडभेरुंड, ही कथाही तिच्यात होती. ती वाचून महिपती म्हणाला होता, “काका, ही तर आपली वार्षिक सभाच हाय की.”

पक्षी रविवारी दरवाजावर बसला. आता त्या पक्ष्याबद्दल खरं तेच सांगायला हवं. छाती भरदार होती, पंख डौलदार होते. हेमाताईंचा हात चांगला आहे. पण हत्ती जरा लहान झाले होते आणि शेंदरी रंग संपत आल्यामुळे दोन्ही डोक्यांवर वरच्या बाजूलाच लागला होता. लांबून पाहिलं की दोन तुरे दिसत आणि चोचींत नि पायांशी मिळून चार दाणे.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुष्करचा मेसेज आला. ‘काका, किल्ला एकदम ऑथेंटिक. पण दारावर कोंबडी का?’ खाली हसरे चेहरे. यज्ञेश्वरांनी ते मोजले. सत्तावीस. त्यातले चार त्यांच्याच विंगमधले, आणि तीन हेमाताईंचे.

“चुकून दाबलं गेलं हो,” हेमाताई म्हणाल्या.

“तीन वेळा?”

यज्ञेश्वरांनी शर्ट घातला आणि खाली गेले. पुष्कर गाडी लावत होता. महिपती आणि भाई तिथेच होते.

“पुष्कर, तो गंडभेरुंड आहे.”

“काका, चिल. आय मीन, मस्तच आहे. फक्त लोकांना ती कोंबडीच वाटणार. मी काय म्हणतो, थोडे लाइट्स टाकू, ईगल वाटेल.”

“लोकांना सांगितलं की समजतं.”

“नाही समजत, काका. नाव किती टफ आहे! कोणी बोलणार पण नाही.”

हे शेवटचं वाक्य यज्ञेश्वरांच्या वर्मी लागलं. चाळीस वर्षं सांभाळलेलं नाव, आणि कोणी बोलणार पण नाही? ते म्हणाले, “पाडव्याला परीक्षक येतील. त्या दिवशी या सोसायटीतल्या एका माणसानं जरी ह्याला कोंबडी म्हटलं, तर पुढच्या वर्षीपासून ही जागा तुझी. कायमची. धूर सोड, नाहीतर विमान उडव. मी सभेत तोंड उघडणार नाही.”

“सभेत तोंड उघडणार नाही?” महिपतीनं विचारलं. “हे लिहून घेतो, काका.” आणि त्यानं लिहून घेतलं.

आता यज्ञेश्वरांच्या हातात नऊ दिवस होते आणि घरं होती अठ्ठेचाळीस. मागे हटणारा माणूस तो नव्हे. लिफ्टमध्ये कुणी सापडलं की तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत गंड आणि उतरताना भेरुंड. दूधवाला, इस्त्रीवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या सुमय्याचे पाहुणे, कुणाचीही सुटका नाही. लोक जिना वापरू लागले. अवनी नावाच्या शाळकरी मुलीनं तर ‘आजोबा, मला येतं’ असं सांगून सबंध नाव म्हणून दाखवलं आणि सुटली. यज्ञेश्वरांनी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. बाकीच्या नावांपुढे शंका होती. तोंडावर सगळे हो हो म्हणत आणि पाठ वळली की कुणीतरी हळूच ‘कुक्कूच कू’ करी.

त्यातच बी-३०२ची लेखी तक्रार आली. लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर प्रवेशद्वारात कोंबडी असणं योग्य वाटत नाही. सही नाही. यज्ञेश्वरांनी नऊ मुद्द्यांचं उत्तर सूचनाफलकावर लावलं. त्यातला सातवा मुद्दा असा होता की लक्ष्मीचं वाहन घुबड असताना तक्रारदारानं पक्ष्यांबाबत इतकं हळवं होऊ नये. हे उत्तर लोकांनी थांबून वाचलं. किल्ल्यापुढे मात्र कुणी थांबत नव्हतं.

किल्ल्यावर पेरलेलं अळीव उगवलं तेव्हा मात्र थांबले. माणसं नाही, पारवे. सकाळी हिरवागार दिसणारा डोंगर दुपारपर्यंत टक्कल पडून बसे. चार हत्ती पेलणारा गंडभेरुंड दरवाजावर छाती काढून उभा आणि पारवे त्याच्या दोन्ही डोक्यांवर बसून अळीव पचवत. यज्ञेश्वर काठी घेऊन पळत. “सरदार, शत्रू मागच्या बुरुजावरून आला!” भाई खुर्चीतून ओरडत. दोन वेळा पेरणी झाली. तिसऱ्या वेळी हेमाताईंनी किल्ल्यावर जुनी मच्छरदाणी टाकली. महाराज मच्छरदाणीत कसे दिसतील, या प्रश्नावर नवरा-बायकोत एक दिवस अबोला झाला.

अबोला मोडला तो स्पर्धेच्या अर्जामुळे. अर्जात रकाना होता, ‘किल्ल्याचे नाव’. यज्ञेश्वरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, गंडभेरुंडगड. महिपती अर्ज घेऊन स्पर्धा भरवणाऱ्या मंडळात गेला आणि तासाभरात परत आला.

“काका, असला गड कुठं हाय, इचारत्यात.”

“काल्पनिक आहे.”

“मग नियम सात. काल्पनिक किल्ला असंल तर म्हाईतीफलक पायजे. नसला तर दहा मार्क कट.”

नियम कडक होता, पण यज्ञेश्वरांना तो ऐकून गुदगुल्याच झाल्या. माहितीफलक! आधी त्यांनी एका कागदावर मजकूर बसवला. नरसिंहाची कथा राहिली म्हणून दोन कागद. मग रुख, मग अन्का, मग गंडस्थळाबद्दलचे मतभेद. शेवटी सहा फूट बाय चार फुटांचं फ्लेक्स छापून आलं. वर गंडभेरुंडाचं मोठं चित्र आणि खाली, छापणाऱ्यानं सवयीनं टाकलेल्या दोन्ही बाजूंच्या तुताऱ्या.

आता हे लावायचं कुठे? आत लावलं तर किल्ला झाकला जातो. बाजूला लावलं तर महिपतीच्या मते आगीचा बंब अडतो. शेवटी गेटबाहेर, भिंतीला टेकवून. दीड फूट पदपथावर गेलं, पण दीड फुटाचं काय एवढं?

धनत्रयोदशीला सकाळी साडेदहाला अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, त्यांनी रस्त्यावरचे सगळे अनधिकृत फलक उचलले आणि साडेदहा वाजून चार मिनिटांनी गाडी गेली. यज्ञेश्वर तेव्हा अंघोळीला गेले होते. हेमाताईंनी दारावर टकटक केली. “अहो, तुमचा पक्षी उडाला.”

गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. यज्ञेश्वर आणि भाई रिक्षानं पोचले. आत डोंगर होता. वाढदिवस, निवड, फेरनिवड आणि भावी. शेकडो हसरे चेहरे एकमेकांवर आडवे. मधूनच एका भावी नगरसेवकाच्या काखेतून गंडभेरुंडाची डावी चोच बाहेर आलेली.

“तो आमचा!” यज्ञेश्वर म्हणाले.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता अर्ज सरकवला. अर्ज तसा सरळ होता, फक्त तो माणसांसाठी होता.

“फलकावरील व्यक्तीचं नाव?”

“गंडभेरुंड.”

“आडनाव आधी सांगा.”

“आडनाव नाही.”

“पद?”

यज्ञेश्वरांनी भाईंकडे पाहिलं. भाई म्हणाले, “पक्षी लिहा.”

“अपक्ष का?”

“पक्षी. दोन तोंडांचा.”

साहेबांनी आता मान वर केली, चष्मा काढला आणि पुसला. “दोन तोंडांचे इथे खूप आहेत,” ते म्हणाले, “पण स्वतःहून लिहून देणारे तुम्ही पहिले. काय असतं हे गंडभेरुंड?”

चाळीस वर्षांत कुणी तरी विचारलं होतं! यज्ञेश्वरांनी खुर्ची पुढे ओढली. साहेब सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, “मॅडम, हे ऐका जरा,” आणि यज्ञेश्वरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग जेवणाच्या सुट्टीहून परत आलेले चौघे. गोदामाचा रखवालदार. आपला फलक सोडवायला आलेला एक कार्यकर्ता, जो शेवटी म्हणाला, “काका, साहेबांच्या पुढच्या वाढदिवसाला मागं हाच टाकू.” पाच वेळा संपूर्ण गंडभेरुंड झाला. साहेबांनी चहा पाजला, हात जोडले आणि सांगितलं, “आता पंचनामा झाल्याशिवाय मिळणार नाही. दिवाळीनंतर या.”

परतताना रिक्षात यज्ञेश्वरांचा घसा खरखरू लागला. दोन दिवसांनी लक्ष्मीपूजन झालं. सोसायटीनं गेटपाशी फटाके उडवले, त्याचा धूर ते किल्ला राखत उभे राहून गिळत होते. पाडव्याच्या सकाळी उठून ते ‘हेमा, चहा’ म्हणायला गेले आणि तोंडातून नुसता वारा आला.

“काय?” हेमाताई म्हणाल्या.

वारा.

“अगंबाई!” हेमाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला. मग त्या वळून गॅसकडे गेल्या, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. रडत असाव्यात अशी यज्ञेश्वरांनी स्वतःची समजूत घातली.

अकरा वाजता परीक्षक यायचे होते. पावणेअकराला किल्ल्यापुढे यज्ञेश्वर झब्बा घालून उभे होते, हेमाताई होत्या, भाई खुर्ची घेऊन आले होते. मच्छरदाणी निघाली होती. अळीव होतं तेवढं तरारलं होतं. फलक गोदामात होता, आवाज कुठे होता ते ठाऊक नव्हतं. आणि हळूहळू सोसायटी गोळा होऊ लागली. सणाचे कपडे, हातात मोबाइल, चेहऱ्यावर ती सुप्रसिद्ध उत्सुकता जी दुसऱ्याची फजिती होणार असली की येते. पुष्करही आला, नवा कुर्ता घालून. महिपतीनं बगलेत वही धरली होती. तिच्यात ती अट होती. यज्ञेश्वरांनी गर्दीवरून नजर फिरवली. साठेक तोंडं. त्यातलं एक जरी घसरलं तरी संपलं.

मंडळाचे बाबुराव गुणपत्रिका घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर परीक्षक तनया मॅडम. त्या घरं सजवून देतात. त्यांनी गॉगल वर केला, किल्ला पाहिला, बुरूज पाहिले, वाकून दरवाजा पाहिला आणि टाळी वाजवली.

“अय्या, कोंबडी किती गोड केलीये!”

यज्ञेश्वरांनी तोंड उघडलं. शिटी काढून ठेवलेल्या कुकरमधून यावा तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा फुगल्या, हात वर गेला, बोट पक्ष्याकडे वळलं, आणि वारा.

“काय म्हणतायत आजोबा?” मॅडमनी विचारलं.

सगळ्या माना यज्ञेश्वरांकडे वळल्या. तेवढ्या एका क्षणात यज्ञेश्वर पुढच्या सगळ्या दिवाळ्या धुरात जगून आले.

“एक्स्क्यूज मी, मॅडम.” आवाज मागून आला. पुष्कर गर्दीतून वाट काढत पुढे आला. “कोंबडी नाहीये ती. गंडभेरुंड आहे.”

“काय भेरुंड?”

“गंड. गंडभेरुंड. दोन डोकी दिसत नाहीत का? आणि ते दाणे नाहीयेत, एलिफंट्स आहेत. चार. नीट बघा ना.”

पुष्करच्या आवाजाला धार होती. आपल्या घरातल्या माणसाला आपण काहीही म्हणावं, पण बाहेरच्यानं म्हटलं की येते ती. मॅडम जरा मागे सरकल्या आणि तिथे महिपती होता.

“ह्यो हत्तीच्या कानशिलावर झडप घालतो, बाई. गंडस्थळ म्हंत्यात त्याला. तिथनं मद गळतो. म्हून नाव गंडभेरुंड.”

“असं काही जण लावतात,” सुमय्या म्हणाली. “दोन गाल म्हणून दोन तोंडं, असंही आहे.”

“ते काकांना पटत नाही!” तीन-चार जण एकदम ओरडले.

“गंड म्हणजे हिरो, मॅडम,” पुष्कर म्हणाला. “कन्नडमध्ये. माझ्या टीममध्ये हुबळीचा मुलगा आहे, मी क्रॉसचेक केलंय. हिरो. मीन्स, नवरा पण.”

“नवरा?” हेमाताई पुढे झाल्या. “कानडीत गंड म्हणजे नवरा?”

“हो, काकू.”

“आणि भेरुंड म्हणजे भयंकर.” त्यांनी हाताची घडी घातली. “सदतीस वर्षांनी नाव कळलं बघा. बाकी मी काही बोलत नाही.”

साठ माणसं हसली. पण हसून थांबली नाहीत, भांडू लागली. नरसिंह आधी की शरभ आधी? रुख पंजात किती हत्ती नेतो? बी-३०२चे कारखानीस, ज्यांनी आयुष्यात कशावर सही केली नव्हती, ते परीक्षकांना छातीठोक सांगत होते की लक्ष्मीपूजनाला हा पक्षी दारात असणं अत्यंत शुभ आहे. यज्ञेश्वर या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. निम्मं चूक होतं. कारखानिसांचं तर सगळंच चूक होतं. कुणी शरभाला सिंह केलं, कुणी रुखला कोकणात नेलं. दर चुकीला यज्ञेश्वरांचा हात दुरुस्तीसाठी वर जात होता आणि हेमाताई तो खाली ओढत होत्या. मग तो हात आपणहून खाली राहिला. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं, त्याचा दोष त्यांनी कालच्या फटाक्यांवर ठेवला.

“अहो पण मग हे कुठेतरी लिहायचं ना!” तनया मॅडम शेवटी वैतागून म्हणाल्या. “मी काय पक्षीतज्ज्ञ आहे? फलक कुठाय?”

“गोदामात,” भाई म्हणाले. “पंचनामा चाललाय.”

बाबुरावांनी गुणपत्रिकेवर काहीतरी खोडलं. दहा गुण फलकाचे गेले. वर्तनाचे म्हणून आणखी पाच गेले, आणि तो रकाना मूळ पत्रिकेत नव्हता, बाबुरावांनी तो शिवसंपदासाठी मुद्दाम आखला.

संध्याकाळी चौकात निकाल लागला. नऊ किल्ल्यांत नववा. पहिला आला तो शेजारच्या सोसायटीचा, थर्माकोलचा, दिव्यांसकट. बाबुरावांनी ध्वनिक्षेपकावर खालून वर वाचायला सुरुवात केल्यामुळे शिवसंपदाचं नाव सगळ्यात आधी आलं. “नववा क्रमांक, शिवसंपदा सोसायटी, किल्ले गंड... गंडबे...”

“गंडभेरुंडगड!” मागून पन्नास माणसं ओरडली, इतकी एका सुरात की चहाच्या टपरीवरचे पारवे उडाले.

यज्ञेश्वरांनी मान ताठ केली आणि पुढे जाऊन प्रशस्तिपत्र घेतलं. शेवटच्या नंबराला प्रशस्तिपत्र नव्हतंच, ते पहिल्या नंबराचं होतं. पण ज्या थाटानं ते गेले तो पाहून बाबुरावांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. मग हेमाताई जाऊन ते परत देऊन आल्या.

परतीच्या वाटेवर सगळी वरात बरोबर होती. महिपतीनं वही उघडून जाहीर केलं की परीक्षक बाई सोसायटीच्या सभासद नसल्यानं अट मोडलेली नाही. “कोणी कोंबडी म्हटलं नाही, काका,” पुष्कर म्हणाला. “पुढच्या वर्षी तुम्हीच. मी फक्त लाइट्स करतो. धूर नाही, प्रॉमिस.” यज्ञेश्वरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरात बसली, पण मनापासून होती.

गेटपाशी सगळे थांबले. भाईंनी खुर्ची पुढे केली. “बसा, यज्ञेश्वरराव. आज तुमच्या मनात काय चाललं असेल, अल्लालाच ठाऊक. बोलता येत नाही तर लिहा. मन मोकळं करा.”

कुणीतरी प्रसादाच्या पिशवीचा कागद दिला, महिपतीनं पेन दिलं. यज्ञेश्वरांनी गुडघ्यावर कागद ठेवला, बराच वेळ विचार केला आणि सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं. सगळे वाचायला वाकले.

‘हेमाने सांगितलेला अर्थ कानडीत बरोबर आहे. इथे लागू नाही.’

हेमाताईंनी तो कागद दोनदा वाचला, नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि दुसरं वाक्य खोडलं.